लोखंड्यांच्या घरची भाकरी

"भाकरी खरी पाहिजे," हिंगमिरे बाई म्हणाल्या. "पुठ्ठ्याची नको. आणि ती सुभद्राच्या घरचीच पाहिजे."

सातवीच्या वर्गात बाकं भिंतीकडे सारून आमची नाटकाची तालीम चालली होती. पुठ्ठ्याची भाकरी इंदूनं केली होती. गोल कापून, वर कोळशानं भाजल्याचे ठिपके देऊन. इतकी छान झाली होती की मधल्या सुट्टीत एकानं तिचा वास घेऊन बघितला होता. बाईंचं बोलणं ऐकून इंदूचं तोंडच उतरलं.

"का ओ बाई? ही काय वाईट हाय?"

"वाईट नाही गं, सुंदर आहे. पण आपण लोकांना काहीतरी खरं दाखवतोय ना? मग भाकरी खोटी कशी चालेल?"

बाईंपुढं कोण बोलणार! इंदूनं पुठ्ठ्याची भाकरी दप्तरात कोंबली आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हिंगमिरे बाई त्या वर्षी जूनमध्ये सोलापूरहून आमच्या गावच्या शाळेत आल्या होत्या. पहिलीच नोकरी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुस्तकं. शेवटच्या तासाला त्या आम्हाला पुस्तक वाचून दाखवायच्या. त्याआधी शेवटचा तास म्हणजे मास्तर पेंगायचे आणि आम्ही एकमेकांच्या वेण्या बाकाला बांधायचो, त्यामुळे बाई आम्हाला आभाळातून पडल्यासारख्या वाटल्या. त्यांनी वाचलेलं पहिलंच पुस्तक होतं 'गडाखालची साळू'. जुन्या काळची गोष्ट. गडाच्या हवालदाराची मुलगी अंबा आणि गडाखालच्या मांगवाड्यातली साळू. साळूला गडाच्या दरवाजातून आत यायची बंदी. दोघी तटाच्या एका फटीतून बोलतात. मग गडाला वेढा पडतो, अंबा वाट चुकून खाली रानात अडकते, साळू तिला चोरवाटेनं परत आणते आणि वाटेत आपल्या फडक्यातली भाकरी देते. अंबा आधी थबकते. मग म्हणते, "साळू, आजपासून तुझी भाकरी ती माझी भाकरी," आणि मोडून खाते. बाई इथपर्यंत आल्या तेव्हा आमच्यातल्या दोघीतिघी चक्क रडत होत्या.

पुस्तक मिटून बाईंनी विचारलं, "तुम्ही अंबाच्या जागी असता, तर साळूशी मैत्री केली असती का? ज्यांनी केली असती त्यांनी हात वर करा."

अख्ख्या वर्गानं हात वर केले. हात वर करायला काय जातं! त्यातल्या निम्म्या हातांनी मी शाळेच्या माठातलं पाणी घेतल्यावर माठ उपडा केलेला होता. पण बाई नवीन होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ठरवलं की या गोष्टीचं नाटक बसवायचं, तेही स्नेहसंमेलनात, गटशिक्षणाधिकारी साहेब येणार आहेत तेव्हाच.

साळू कोण होणार, हे बाईंनी विचारलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघायच्या आधीच वर्गानं माझ्याकडे बघितलं होतं. "सुभद्रा, तुला चालेल ना?" बाई हळूच म्हणाल्या. चालेल ना म्हणजे काय! सगळ्यात जास्त वाक्यं साळूची होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग बाईंनी विचारलं, अंबा कोण होणार, आणि मघाशी वर गेलेले हात आता बाकाखाली गेले. एकटी इंदू उभी राहिली.

"मी हुते," ती म्हणाली. "मला तर सगळं पाठच हाय."

इंदू मुळीक आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिच्या वडिलांची, आबा मुळिकांची, पिठाची गिरणी गावाच्या कडेला होती, आमच्या वस्तीला लागूनच. शाळा सुटली की ती गिरणीवर जाते म्हणून निघायची आणि आमच्या घरी यायची. माझी आई चुलीपुढून न उठता तिच्याकडे ताटली सरकवायची. ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी. इंदू ती अशी खायची की बघणाऱ्यालाही भूक लागावी. वर खोड काढायची, "मावशी, आज मीठ कमी पडलंय." आई म्हणायची, "घरी जाऊन खा की मग मापाचं." खाऊन झालं की इंदू हात धुवायची, तोंड धुवायची, चूळ भरायची आणि चटणीचा वास येतोय का म्हणून माझ्या तोंडापुढं फुंकर मारून बघायची. का, ते तिलाही माहीत होतं, आम्हालाही. त्यावर कुणी कधी एक अक्षर बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हाला वाटतही नव्हतं.

नाटकातल्या भाकरीचं तिच्या घरी कळलं तेव्हा मला भीती वाटली होती. दुसऱ्या दिवशी इंदू हसत हसतच शाळेत आली. "आबा काय म्हणले म्हायती हाय का? म्हणले, नाटकात चालतंय. सायब येणार हाईत, बगू देत आपलं गाव किती पुढं गेलंय." आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्यानंतर आमच्या घरी ताटली पुढं आली की इंदू आबांसारखी मान हलवायची आणि म्हणायची, "चालतंय, नाटकात चालतंय." आईला पहिल्यांदा ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं. आई हसली नाही.

मग बाई आमच्या घरी आल्या. आईनं वाकळ अंथरली. बाई बसल्या, चहा घेतला, "किती छान झालाय!" असं दोनदा म्हणाल्या. चहा रोजचाच होता. दादा, म्हणजे माझे वडील, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते दारात उभे होते, बाई घरी आल्याच्या आनंदानं फुललेले.

"सुभद्राच्या आई," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी भाकरी तुमच्या हातची हवी. मी सुरुवातीलाच जाहीर करणार आहे की ही भाकरी खरोखर लोखंड्यांच्या घरची आहे. म्हणजे लोकांना कळेल की हे नुसतं नाटक नाही. मुळिकांची मुलगी खरंच तुमच्याकडची भाकरी खाणार आहे."

आई बाईंकडे बघत राहिली.

"आणि साहेबांना मी सुभद्राबद्दल सांगणार आहे. बार्शीच्या मुलींच्या वसतिगृहात तिची सोय झाली, तर पुढं हायस्कूल, कॉलेज, सगळं होईल. पोरगी हुशार आहे हो."

"बरं बाई," आई म्हणाली.

बाई गेल्यावर दादा म्हणाले, "देवमाणूस हाय." आईनं चहाचे कप उचलले. त्या दिवशी तिनं भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या, एवढं मला आठवतं.

स्नेहसंमेलन दुपारी होतं, साहेबांना परत जायचं होतं म्हणून. शाळेपुढं मांडव, पुढं खुर्च्या, त्यांच्यामागं सतरंज्या. चादरी जोडून पडदा केला होता. आईनं सकाळी भाजलेली भाकरी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून दिली. ती स्वतः येऊन बायकांच्या मागं, कडेला बसली. आबा मुळीक दुसऱ्या रांगेत, फेटा बांधून. बाईंनी माईक घेतला आणि ठरल्याप्रमाणं सांगितलं, "शेवटच्या प्रसंगात आपण जी भाकरी बघणार आहात, ती खरी भाकरी आहे. गावातल्याच लोखंडे कुटुंबाच्या चुलीवरची." सगळ्या माना मागं वळल्या आणि आईला शोधू लागल्या. आईनं पदर सारखा केला.

नाटक झकास चाललं. माझं एक वाक्य चुकलं नाही. तटाच्या फटीतून बोलायच्या प्रसंगाला लोक हसले, वेढ्याच्या वेळी चिडीचूप झाले. शेवटी रान आलं. मी फडकं सोडलं, भाकरी पुढं केली आणि म्हणाले, "अंबाबाई, माझ्यापाशी दुसरं काही नाही. एवढंच आहे."

इंदूनं भाकरी घेतली. थबकायचं होतं तेवढी थबकली. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "साळू, आजपासून तुझी भाकरी ती माझी भाकरी."

आता मोडून खायचं होतं. साहेबांच्या हातांनी टाळी वाजवायची तयारीसुद्धा केली होती. इंदूनं समोर बघितलं, लांब, सगळ्यात मागं. मग भाकरी परत फडक्यात ठेवली, नीट गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

मला वाटलं, विसरली. मी डोळ्यांनी खुणावलं. पडद्याआडून बाई कुजबुजल्या, "इंदू, खा." इंदू जागची हलली नाही. "इंदू, घास घे ना बाळ, एकच." आता पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. मांडवात चुळबुळ सुरू झाली. आबा मुळीक उठून उभे राहिले आणि ओरडले, "अगं खा की! नाटकच हाय!"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी हातातला कागद चाळायला घेतला. इंदूनं मान हलवली, नाही म्हणून. एकदाच, पण सगळ्यांना दिसेल अशी. बाईंनी पडदा ओढला, तो अर्ध्यावर अडकला, आणि त्या अर्ध्या पडद्यापुढं मी हातात आईची भाकरी धरून उभी राहिले. इतकी वर्षं हिनं आमच्या घरात खाल्लं ते लपून खाल्लं, आणि आज चारचौघांत खायची वेळ आली तेव्हा हिला आपली जात आठवली, असं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. किंवा दिसलं असं वाटलं. तेव्हा त्यात मला काही फरक कळत नव्हता.

घरी येऊन मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. "ती आपली न्हाई, आये," मी म्हणाले. "कंदीच नव्हती."

आईचा हात माझ्या केसांवर फिरत होता तो थांबला. "तसं म्हणू नगंस," ती म्हणाली. पुढं ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तेवढ्यात दादा आत आले आणि मुळिकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. मला वाटलं, आपली आई किती मोठ्या मनाची आहे.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या रात्रभर रडल्यासारख्या दिसत होत्या. पण त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पूर्वग्रह' असा शब्द लिहिला, खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काल जे झालं त्यावर आपण शांतपणे बोलू या. कुणालाही नावं ठेवायची नाहीत. फक्त विचार करायचा. इंदूनं असं का केलं असेल?"

इंदू खिडकीपाशी उभी होती. तिला कुणी उभं केलं नव्हतं, तीच बसली नव्हती. माझ्या बाकावर मी दप्तर मधोमध ठेवलं होतं.

हात वर झाले. एकजण म्हणाला, "तिच्या घरच्यांनी सांगितलं असंल." दुसरी म्हणाली, "तिला किळस आली असंल." तिसरा म्हणाला, "बाई, वरनं दाखवायची की आपण मैत्रीण हाय, आन आतनं न्हाई." प्रत्येक उत्तराला बाई मान डोलवत होत्या. "बरोबर आहे. म्हणजे बघा, आपल्यालाही कळत नाही, पण लहानपणापासून घरात जे ऐकतो ते मनात बसतं. यात इंदूचा एकटीचा दोष नाही. आपण तिला समजून घ्यायचं." वर्गानं लगेच समजून घेतलं. माठ उपडा करणारेसुद्धा इंदूकडे कणवेनं बघायला लागले.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "सुभद्रा, तुला काय वाटलं?"

"मला वाईट वाटलं," मी म्हणाले.

बाईंनी मला जवळ घेतलं आणि वर्गानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी इंदू खिडकीपाशीच उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी फळ्याकडे बघितलं.

ती पुन्हा आमच्या घरी आली नाही. तिनं बाक बदललं. मी वस्तीकडे जाताना ती कधी कधी गिरणीच्या दारात उभी असायची, केसांत पीठ उडालेलं, आणि मी मान ताठ ठेवून निघून जायची. पूर्वी दळण मी न्यायची. त्या दिवसानंतर आई स्वतः डोक्यावर घेऊन जायला लागली. माझा अपमान व्हायला नको म्हणून ती जाते, अशी माझी समजूत होती.

साहेबांवर झाल्या प्रकाराचा परिणाम झाला होता. बार्शीच्या वसतिगृहात मला जागा मिळाली. आबा मुळिकांनी इंदूची शाळा सातवीनंतर बंद केली. गावात, तालुक्यात नाव गेलं होतं त्यांचं. "शाळेनं लई शिकवलं," असं ते म्हणाले म्हणे. चार वर्षं ती गिरणीवर बसली आणि मग तिचं लग्न झालं, कुर्डुवाडीच्या बाजूला कुठंतरी. तेव्हा मी बारावीची तयारी करत होते. पत्रिका आमच्या घरी आली नाही, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले. वर्गात गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवणारी, त्यावर मुलांना बोलतं करणारी म्हणून माझं नाव झालं. मग शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलवायला लागले. तिथं मी माझी स्वतःची गोष्ट सांगायची. साळूची, अंबाची, आणि भाकरी न खाणाऱ्या माझ्या मैत्रिणीची. चांगली सांगायची. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे मला पाठ झालं होतं. शेवटी मी म्हणायची, "मुलांनो नव्हे, शिक्षकांनो, त्या मुलीचं नाव होतं इंदू. तिच्यावर मी रागावलेली नाही. कारण तिला ते कुणी शिकवलं होतं." हॉलमध्ये शिक्षिका डोळे पुसायच्या. कितीतरी जणी वहीत उतरवून घ्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी मला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. दादा नव्हते. आईला नवं लुगडं नेसवून मी पहिल्या रांगेत बसवलं आणि सत्काराच्या उत्तरात तीच गोष्ट सांगितली. आईनं ती माझ्या तोंडून भाषणात कधी ऐकली नव्हती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आई बसून होती. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली, "ती गोष्ट सांगत जाऊ नगंस."

"का गं? तुला त्रास झाला का?"

"ती खोटी हाय."

मी हसले. "खोटी कशी? तू होतीस की तिथं."

"म्हणूनच सांगतीया." आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी सांगितलं हुतं इंदूला. नाटकाच्या आदल्या दिवशी. ती आली, तू भायेर गेलीवतीस. म्हणलं, पोरी, उद्या तेवढी माझी भाकर खाऊ नगंस."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"का?"

"का म्हंजी? सहा वर्सं माझ्या हातचं खात हुती ती पोर. मीठ कमी पडलं म्हणून मला बोलत हुती. आन तुझी बाई येऊन म्हणती, मुळिकाची पोर खरंच खाणार हाय. सगळ्या गावापुढं, म्हाईकवर सांगून! माझी भाकर काय इख हाय व्हय, की कुणी खाल्ली की टाळ्या वाजवायच्या? तिचा बाप म्हणतो नाटकात चालतंय. मला ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, माझ्या घरात खा, रोज खा. तिथं नगं."

"मग बाईंना का नाही सांगितलंस? मला का नाही?"

"बाई तुझं नाव वसतिगृहात घालणार हुती. तिला कसं न्हाई म्हणू? आन तू किती खूश हुतीस, सुभे. साळू साळू म्हणून घरभर नाचत हुतीस. मला वाटलं, पोरगी नुसती भाकर खाली ठेवील, नाटक पुढं जाईल. कुणाच्या ध्यानात बी येणार न्हाई. एवढं रामायण हुईल आसं मला काय ठाव? ती म्हणली, मावशी, सुभीला सांगू का? मी म्हणलं, नगं, तिला वाईट वाटंल. तिनं सांगितलं न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर दोनदा गिरणीवर तिला म्हणलं, मी बाईला सांगती. तर म्हणली, मावशी, सुभीचं वसतिगृह हुईपातूर थांबा. मग ते झालं. मग तू गेलीस." आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "मग मी थांबलेच. आज सांगू, उद्या सांगू करत. माझंच चुकलं, पोरी."

मी तिला पाणी दिलं आणि स्वतः न जेवता तशीच बसून राहिले. इतक्या हॉलमध्ये, इतक्या लोकांसमोर मी घेतलेलं ते नाव आठवत होतं. प्रत्येक ठिकाणी मी तिला माफही केलं होतं.

आठवड्याच्या आत इंदूचा पत्ता काढून मी तिच्या गावी गेले. उन्हाळा तोंडावर होता. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं शेवयांचं मशीन टाकलं होतं. बायका भिजवलेल्या पिठाचे डबे घेऊन बसल्या होत्या. इंदू मशीनवर उभी होती, चांगली भरलेली, केस बरेच पांढरे. तिनं मला लगेच ओळखलं. हात पुसत बाहेर आली.

"सुभी? आगं, ये ये. मावशी कशी हाय?"

"बरी आहे. गुडघे दुखतात. इंदे, आईनं सांगितलं मला. परवा."

इंदूनं शेडच्या खांबाला पाठ टेकली. "सांगितलं व्हय," ती म्हणाली. "बरं झालं. तिच्या जिवाला लागलं हुतं ते. दळण घिऊन यायची तवा माझ्या तोंडाकडंच बघत बसायची बिचारी."

"मी ती गोष्ट सगळीकडे सांगत फिरले. तुझं नाव घेऊन."

"म्हायती हाय."

"कसं?"

"माझी धाकटी सहावीत हुती तवा तिच्या बाईंनी वर्गात सांगितली. कुठल्या ट्रेनिंगात ऐकली म्हणं. पोरगी घरी येऊन मला सांगाय लागली, आई, एक मुलगी होती, तिनं मैत्रिणीच्या घरची भाकरी खाल्ली न्हाई. तिचं नाव पण इंदूच होतं." इंदू हसली, पण नीट हसता आलं नाही तिला. "म्हणलं, आसंल कुणीतरी."

मला रडू आवरेना. बसलेल्या बायका बघायला लागल्या. "तू एकदा सांगायचं होतंस गं," मी म्हणाले. "एकदा. आईला शब्द दिला होतास, पण मला तरी. मी तुझ्याशी बोलणं टाकलं, तुझी शाळा गेली, तरी तू..."

"सांगितलं असतं," इंदू म्हणाली. "शबुद मोडून सांगितलं असतं. तू इचारलं असतंस तर. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना इचारलं, इंदूनं असं का केलं असंल. सगळा वर्ग बोलला. मी तिथंच हुते की गं, खिडकीपाशी. मला कुणी इचारलंच न्हाई. मला वाटलं, बाकीच्यांचं जाऊ दे, सुभी तरी इचारंल. शाळा सुटंपातूर वाट बघितली. मग गिरणीच्या दारात बघितली."

"आता विचारते," मी कशीबशी म्हणाले. "का नाही खाल्लीस, इंदे?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता तुला ठाव हाय."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. इंदूनं डोळे पुसले आणि पुढच्या बाईचा डबा घ्यायला ती शेडमध्ये गेली.